दोषाचा वाटा

'एका हाताने टाळी वाजत नाही' ही म्हण आपल्या बोलण्यात इतकी रुळलेली आहे की, तिची पारख करावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. दोन भावांचे भांडण असो, शेताच्या बांधावरून पेटलेला शेजाऱ्यांचा वाद असो, की देवस्थानच्या महाजनांमधील मतभेद असो. कोणी वडीलधारा गृहस्थ ही म्हण उच्चारतो, दोन्ही पक्ष क्षणभर खाली पाहतात आणि समेटाची वाट मोकळी होते. भांडणापुरती ही म्हण खरी आहे व उपकारकही आहे. परंतु रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्या माणसाला उद्देशून ती उच्चारली गेली की तिचे स्वरूप पालटते. 'मोटारवाल्याचे चुकले खरे. पण हा तरी कुठे नीट पाहून चालत होता?' असे कोणीतरी म्हणतो, आणि पाहता पाहता ज्याचा पाय गेला त्याच्यावरच खुलासा देण्याची पाळी येते.

हा प्रश्न केवळ वकिलांचा नाही. ज्याला इजा झाली त्याच्याकडेही थोडा दोष असेल, तर त्यामुळे त्याच्या भरपाईच्या हक्काला किती बाध यावा, हा मुळात नीतीचा प्रश्न आहे. कायद्याने त्याला पुढे आकडे जोडले, इतकेच. आपल्यापैकी बहुतेकांवर न्यायासनावर बसण्याची वेळ येणार नाही. तथापि अपघातानंतर ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात किंवा इस्पितळाच्या दारात दोषाची वाटणी करणारे पंच आपणच असतो. ही वाटणी कोणत्या मापाने करावी, आणि ते माप कोणाच्या हाती असावे, याचा विचार आपण आधीच करून ठेवला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रश्न नीट समजावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. तिन्हीसांजेच्या वेळी एक मजूर बिनदिव्याच्या सायकलीवरून घरी परतत आहे. मागून एक मोटार ठरलेल्या मर्यादेपेक्षा बऱ्याच अधिक वेगाने येते व त्याला धडक देते. मजुराचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागतो. औषधोपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी आणि पुढील आयुष्यात घटणारी कमाई मिळून त्याचे नुकसान २० लाख रुपयांचे आहे असे धरू. मोटार हळू असती तर अपघात टळला असता. सायकलीला दिवा असता तरीही तो बहुधा टळला असता. येथे उत्तरे तीन संभवतात. मजुराचा दोष आहे म्हणून त्याला काहीच मिळू नये, हे पहिले. मोटारवाल्याचा दोष आहे म्हणून त्याने सर्वच्या सर्व २० लाख द्यावेत, हे दुसरे. दोघांच्या दोषांचे प्रमाण ठरवून मजुराच्या वाट्याएवढी रक्कम वजा करावी, हे तिसरे. त्याचा वाटा चतुर्थांश ठरला तर ५ लाख वजा होऊन त्याला १५ लाख मिळतील.

आज तिसरे उत्तर आपल्याला उघड वाटते. परंतु ते सहजासहजी हाती आलेले नाही. आपल्याकडील अपघाताच्या दाव्यांची तत्त्वे बहुतांशी इंग्लंडच्या न्यायालयांतून आली असल्यामुळे तेथील हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १८०९ साली तेथे एक दावा चालला. डर्बी येथे फॉरेस्टर नावाच्या गृहस्थाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यावर आडवा वासा टाकला होता. ऑगस्ट महिन्यात दिवेलागणीच्या सुमारास बटरफील्ड नावाचा स्वार घोडा भरधाव दौडवीत आला आणि वाशावर आदळून जबर जखमी झाला. अडथळा शंभर यार्डांवरून दिसावा इतका उजेड होता, अशी साक्ष पडली. लॉर्ड एलेनबरो यांनी ठरवले की, स्वाराने साधारण सावधगिरी बाळगली असती तर तो वाचला असता. सबब त्याला काहीही मिळणार नाही. वासा टाकणारा मोकळा सुटला.

या नियमाचा कठोरपणा न्यायाधीशांनाही टोचत असावा. १८४२ साली एका माणसाने आपल्या गाढवाचे पुढचे पाय बांधून त्याला हमरस्त्यावर सोडले होते. उतारावरून वेगाने आलेल्या गाडीखाली ते चिरडले. गाढव तसे सोडणे ही चूकच होती. परंतु अपघात टाळण्याची शेवटची संधी गाडीवानाकडे होती, असे म्हणून न्यायालयाने मालकाला पुरी भरपाई दिली. म्हणजे घोडेस्वाराला शून्य, गाढवाच्या धन्याला पूर्ण! मधले माप कायद्यापाशी नव्हतेच. समुद्रावर दोन जहाजांच्या टकरीत दोषाच्या प्रमाणात नुकसान वाटावे, असा कायदा इंग्लंडमध्ये १९११ साली झाला. जमिनीवरील माणसांना तोच न्याय मिळायला १९४५ साल उजाडले. वादीचा जबाबदारीत जो हिस्सा असेल तो पाहून न्याय्य वाटेल तेवढी रक्कम कमी करावी, असे त्या कायद्याने सांगितले. आपल्या संसदेने असा सर्वसाधारण कायदा केलेला नाही. तरी आपल्या न्यायालयांनी न्यायाचे तत्त्व म्हणून ही वाटणी स्वीकारली आहे. उलट अमेरिकेतील अलाबामा, व्हर्जिनिया यांसारख्या काही थोड्या राज्यांत १८०९ च्या नियमाचीच छाया अद्याप आहे.

आता आपल्या घरच्या ग्रंथांकडे वळू. मनुस्मृतीतील अनेक नियम आज आपल्या न्यायबुद्धीस पटणारे नाहीत, व राज्यघटनेने ते मागे टाकले हे योग्यच झाले. परंतु तिच्या आठव्या अध्यायात गाडीने होणाऱ्या अपघातांचा जो विचार आहे, तो पाहण्याजोगा आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, दोर तुटले, अशा प्रसंगी हानी झाली तर दंड नाही. गाडीवानाने 'बाजूला व्हा' म्हणून ओरडून सांगितले असेल तरीही दंड नाही. मात्र गाडीवान अकुशल असून त्यामुळे गाडी भरकटली, तर दंड गाडीच्या धन्याला. गाडीवान कुशल असेल तर दंड त्याचा त्याला. आणि गाडीवान अकुशल असताना तीत जे बसले, त्या सर्वांनाही दंड! या शेवटच्या कलमाचे नवल वाटते. पण १९७७ साली इंग्लंडच्या न्यायालयाने, चालकाबरोबर मद्य पिऊन त्याच्याच मोटारीत बसलेल्या जखमी सोबत्याची भरपाई २० टक्क्यांनी कमी केली, तेव्हा तेथेही विचार याच दिशेने चालला होता. कोणाच्या हाती आपण आपला जीव देतो, याचीही काही जबाबदारी आपल्यावर असते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौथ्या अधिकरणातही असाच विचार आहे. हाकणारा अल्पवयी असेल तर गाडीत बसलेला धनी दंडास पात्र होतो, असे तेथे सांगितले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जे नवे कलम आले, त्यानेही अल्पवयी मुलाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकास व मालकास अपराधी धरले. दोन हजार वर्षांच्या अंतराने दोन कायदे एकच गोष्ट सांगतात: ज्याच्या हाती आवरण्याचे सामर्थ्य होते, त्याच्याकडे आधी पाहावे.

या जुन्या विचारात आणखी एक भेद आहे, तो आम्हांस मोलाचा वाटतो. दंड निराळा आणि समुत्थानव्यय निराळा. दुसऱ्याला जखम करणाऱ्याने त्याला पुन्हा उठून उभे राहता येईपर्यंतचा खर्च द्यावा, असे मनु व याज्ञवल्क्य दोघेही सांगतात. त्या खर्चाचे नाव समुत्थानव्यय. शब्दच किती बोलका आहे! दंडाची नजर अपराध्यावर असते, समुत्थानव्ययाची पडलेल्या माणसावर. आपण भरपाईविषयी बोलताना हा भेद विसरतो. जणू जखमी माणूस बक्षीस मागायला आला आहे आणि तो त्यास पात्र आहे की नाही हे आपण ठरवणार, अशा थाटात आपली चर्चा चालते. तो उठून उभा राहण्यासाठी हात मागत असतो, हे ध्यानात ठेवले तर पुढचा विचार सरळ होतो.

तरीही दोषाचा वाटा वजा करू नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्याची चूक दशांश आहे त्याच्याकडून सारे नुकसान भरून घेणे हाही अन्यायच होय. शिवाय जखमी माणसाला त्याच्या चुकीपासून सर्वस्वी मुक्त मानणे म्हणजे त्याला अजाण लेखणे आहे. प्रौढ माणसाचा मान राखावयाचा तर त्याची जबाबदारीही मानली पाहिजे. वाटणीविषयी आमची तक्रार नाही. आमचा आक्षेप खोट्या मापाला आहे.

खोटे माप म्हणजे कोणते? अपघाताशी ज्याचा संबंध नाही असा दोष शोधून काढणे. एका मोटारसायकलवर तिघे बसले होते. मागून आलेल्या मोटारीने धडक दिली व त्यांतील एक तेवीस वर्षांचा तरुण दगावला. तिघांनी बसणे कायद्याविरुद्ध होते, म्हणून दिल्लीच्या उच्च न्यायालयाने त्याच्या आईवडिलांच्या भरपाईतून १० टक्के कापले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ही कपात रद्द केली. नियम मोडला हे खरे. परंतु त्या नियमभंगामुळे धडक बसली किंवा इजा वाढली, असे दिसल्यावाचून मृताला वाटेकरी करता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. दुचाकी चालवणाऱ्या एका अल्पवयी मुलापाशी परवाना नव्हता, अशा २००८ सालच्या प्रकरणातही त्याच न्यायालयाने हीच दृष्टी ठेवली होती. परवाना नसल्याबद्दल कायद्याने काय करायचे ते करावे; पण तेवढ्यावरून अपघाताचा दोष त्याच्या माथी येत नाही.

आपल्या ओसरीवरच्या न्यायाला ही शिकवण फार लागू आहे. जखमी माणूस दारू पिणारा होता, कर्जबाजारी होता, रात्री-अपरात्री भटकत असे, बापाचे ऐकत नसे, असे सारे आपण त्या एका क्षणावर आणून ओततो. माणूस भला की बुरा हा एक प्रश्न आणि त्या संध्याकाळी त्याचा पाय कशाने मोडला हा दुसरा. या दोहोंची मिसळ करणारा पंच न्याय करीत नाही. जुना हिशेब चुकता करतो.

दोषाचा संबंध असला तरी तो किती, हे पाहावे लागते. १९७५ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड डेनिंग यांच्यापुढे एक प्रकरण आले. मोटारीत बसलेल्या वादीने सुरक्षापट्टा बांधला नव्हता. धडक मात्र सर्वस्वी दुसऱ्याच्या चुकीने झाली होती. डेनिंग यांनी अपघाताचे कारण आणि इजेचे कारण यांत भेद केला. पट्टा न बांधल्याने धडक झाली नाही, पण जखमा वाढल्या. म्हणून त्यांनी माप घालून दिले: पट्ट्याने इजा मुळीच झाली नसती, तर २५ टक्के वजा, बरीच कमी झाली असती, तर १५ टक्के, आणि पट्टा असूनही तितकीच इजा झाली असती, तर काहीही वजा नाही. शिरस्त्राण न घालणाऱ्या दुचाकीस्वारालाही हे माप लावून पाहावे. डोक्याला मार लागला असेल तर शिरस्त्राणाचा प्रश्न उपस्थित होतो. मोडला पाय असेल तर त्याच्या उघड्या डोक्याचा उल्लेख करण्याचे कारण नाही.

येथे आणखी एक सूक्ष्म भेद सांगणे प्राप्त आहे. मजुराने दिवा लावला नाही तेव्हा त्याने मुख्यतः स्वतःचा जीव धोक्यात घातला. मोटारवाल्याने वेग वाढवला तेव्हा त्याने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला. न्यायालय दोघांनाही टक्क्यांच्या एकाच मापाने मोजते, कारण त्याला शेवटी एक रक्कम लिहावी लागते. परंतु नीतीच्या दृष्टीने या दोन चुका एका जातीच्या नाहीत. पहिलीस आपण अविचार म्हणू. दुसरीत अविचाराबरोबर दुसऱ्याविषयीची बेपर्वाई आहे. सायकल मोटारीला चिरडू शकत नाही. रस्त्यावर ज्याच्या हाती अधिक बळ, त्याच्यावर अधिक सावधपणाचे ऋण. रथ ओढताना दोर धरणाऱ्या शेकडो हातांपेक्षा चाकाला उटी लावणाऱ्या दोघा-चौघांना आपण अधिक जबाबदार धरतो, ते काय उगीच?

वाटणीचा सर्वांत कठीण प्रसंग मृत्यूनंतर येतो. मजूर जगला असता तर स्वतःच्या चुकीची किंमत त्याने स्वतः सोसली असती. तो मेला, तर ती किंमत त्याची विधवा व लेकरे सोसतात. त्यांनी ना सायकल चालवली, ना दिवा विसरला. कायद्याचे उत्तर असे की, त्यांचा हक्क हा मृताच्याच हक्कातून निघालेला असल्याने त्याचा दोष त्यांना चिकटतो. तर्काला हे उत्तर पुरते, मनाला पुरत नाही. आणि कायदे करणाऱ्यांच्या मनालाही ते पुरले नसावे. कारण १९८२ साली मोटार अपघातांसाठी दोष न पाहता काही ठरावीक रक्कम देण्याची तरतूद झाली, आणि मृताच्या वा जखमीच्या चुकीमुळे ती रक्कम कमी करू नये असेही त्या तरतुदीत स्पष्ट लिहिले गेले. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नव्या तरतुदीप्रमाणे मृत्यूस ५ लाख व गंभीर इजेस अडीच लाख रुपये, कोणाची चूक हे सिद्ध न करता, मिळू शकतात. मात्र ती रक्कम पत्करली म्हणजे अधिक रकमेच्या दाव्याचा मार्ग बंद होतो, हे आपल्यातील गरजू कुटुंबांनी आधी समजून घ्यावे.

रेल्वेच्या बाबतीत कायदा याहून पुढे गेला आहे. गाडीत चढता-उतरताना तोल जाऊन पडलेल्या उतारूला, त्याने घाई केली म्हणून भरपाई नाकारता येत नाही. आत्महत्या, जाणूनबुजून करून घेतलेली इजा, स्वतःचा गुन्हा, नशा अशी थोडी कारणेच कायद्याने वगळली आहेत. आणि निष्काळजीपणा म्हणजे जाणूनबुजून करून घेतलेली इजा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निःसंदिग्ध सांगितले. २०१७ पासून मृत्यूस ही भरपाई ८ लाख रुपये आहे. ज्या देशात गाडी क्षणभर थांबते आणि दारात माणसांची भिंत उभी असते, तेथे घाई हा एकट्या उतारूचा दोष मानणे न्यायाला धरून झाले नसते.

आता त्या विचाराकडे येऊ, जो आपल्या समाजात कायद्यापेक्षा खोल रुतलेला आहे. 'त्याचे प्रारब्ध', 'करावे तसे भरावे', असे आपण सहज बोलून जातो. कर्मसिद्धांतावर आमचा विश्वास आहे, आणि म्हणूनच त्याचा असा वापर आम्हांस खटकतो. स्वतःवर संकट आले असता 'हे माझ्या कर्माचे फळ' असे म्हणणाऱ्याला त्यातून धीर मिळतो. तो दुसऱ्याचा द्वेष सोडतो. तेच वाक्य दुसऱ्याच्या संकटाविषयी उच्चारले, की आपल्याला मदतीपासून सुटका मिळते. शब्द तेच, एका ठिकाणी ते वैराग्य, दुसऱ्या ठिकाणी पळवाट.

या बाबतीत महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींची कथा आपण पुनःपुन्हा आठवावी. ऋषी मौनव्रत धरून आश्रमाच्या दारी तप करीत होते. चोरांनी पळता पळता चोरीचा माल त्यांच्या आश्रमात आणून दडवला व तेही तेथेच लपले. राजाचे शिपाई आले, 'चोर कोणीकडे गेले?' म्हणून त्यांनी विचारले. ऋषी बोलले नाहीत. शिपायांना चोर व माल आश्रमातच सापडला, आणि राजाने चोरांबरोबर ऋषींनाही सुळावर चढवण्याची आज्ञा दिली. पुढे सत्य कळले तेव्हा राजा धावत आला. सूळ निघेना, म्हणून तो मुळाशी कापावा लागला. आत राहिलेल्या अग्रामुळे ऋषींना अणीमांडव्य हे नाव पडले.

आमचे लक्ष या कथेतील एका न घडलेल्या गोष्टीकडे जाते. राजा असे म्हणू शकला असता की, 'महाराज, आपण एक शब्द बोलला असता तर हे टळले असते.' ते खोटेही ठरले नसते. ऋषींचे मौन त्या अनर्थाच्या कारणांपैकी एक होतेच. परंतु राजा ते बोलला नाही. अज्ञानाने आपल्या हातून अपराध घडला, एवढेच त्याने कबूल केले व क्षमा मागितली. आणि ऋषी त्याच्यावर प्रसन्न झाले.

ते रागावले ते राजावर नव्हे, धर्मावर. 'माझे कोणते पाप म्हणून हे फळ?' असे त्यांनी त्याला जाऊन विचारले. धर्माने सांगितले की, बालपणी तुम्ही किड्यांना गवताची काडी टोचली होती. ऋषी म्हणाले, इतक्या अल्प अपराधाला एवढा विपुल दंड! त्यांनी धर्मालाच शाप दिला, त्यामुळे त्याला विदुर होऊन जन्मावे लागले. आणि चौदा वर्षे वयापर्यंतच्या कृत्याला पाप गणू नये अशी मर्यादाही घालून दिली. १९६६ साली इंग्लंडमध्ये, थांबलेल्या लॉरीच्या चालकाने हाताने खूण केल्यावर रस्ता ओलांडणाऱ्या साडेतेरा वर्षांच्या मुलीला भरधाव मोटारीने उडवले. लॉरीच्या पलीकडे डोकावून पाहिले नाही म्हणून त्या मुलीकडे दोष जात नाही. मोठ्या माणसाइतकी सावधगिरी मुलाकडून मागू नये, असे न्यायालयाने ठरवले. मांडव्यांच्या मर्यादेत ती मुलगी बसत होती, हा योगायोग खरा. पण तत्त्व एकच आहे. प्रत्यक्ष धर्मानेही दोषाचे माप चुकवले तर त्यालाही जाब द्यावा लागतो, असे ज्या परंपरेने सांगितले, तिच्याच नावाने आपण रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या लहानशा चुकीला त्याच्या सबंध दुःखाचे कारण ठरवावे, हे शोभत नाही.

यावरून आमचा निष्कर्ष असा की, दोषाची वाटणी करावी. परंतु ज्याच्या हातून इजा झाली त्याने जखमीचा वाटा मोजू नये. ते काम तिऱ्हाइताचे, न्यायाधीशाचे किंवा निःपक्षपाती पंचांचे आहे. इजा करणाऱ्याचे काम आधी गाडी थांबवणे, जखमीस इस्पितळात पोहोचवणे व आपला दोष किती याचा विचार करणे. जखमीनेही आपला वाटा असल्यास तो लपवू नये. दिवा नव्हता तर नव्हता म्हणावे. त्याच्या सत्याने त्याची रक्कम थोडी घटेल. परंतु दोन्हीकडून खोट्या साक्षी रचल्या गेल्या म्हणजे शेवटी जो वकिलाला अधिक पैसे देऊ शकतो तोच जिंकतो, आणि तो बहुधा जखमी मजूर नसतो. समाजाचे, म्हणजे तुमचे-आमचे, काम तर याहून साधे आहे. न्यायालय टक्के ठरवील तेव्हा ठरवील. तोवर त्या घरची चूल पेटती राहील, मुलांची शाळा सुटणार नाही, कागदपत्रे जुळवायला कोणीतरी सोबत जाईल, एवढे पाहावे. समुत्थानव्ययाचा हा वाटा कोणत्याही कायद्याने आपल्यावर बसवलेला नाही, आणि जखमीच्या चुकीमुळे तो एका पैनेही कमी होत नाही.

देवापुढे गाऱ्हाणे घालताना 'चुकलेमाकले पदरात घे' असे आपण म्हणतो, ते स्वतःच्या चुकीविषयी. शेजाऱ्याच्या चुकांची यादी घेऊन गाभाऱ्यासमोर कोणी उभे राहत नाही. राहिला तर भटजीही त्याच्याकडे वळून पाहील. देवळाच्या आत जी रीत आपण पाळतो, तीच बाहेरच्या रस्त्यावर, कोणी पडलेला दिसेल तेव्हा पाळावी, इतकेच आमचे मागणे आहे.